दोन वायरी, एक बोर्ड

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी लहान होतो तेव्हा साताऱ्याच्या आमच्या घरी फळीवर एक रेडिओ असायचा. त्याच्यावर आईनं शिवलेलं झाकण. कधी कधी चालू कार्यक्रम मध्येच तुटायचा. क्षणभर नुसती खरखर, आणि मग निवेदिकेचा शांत आवाज यायचा, ‘काही तांत्रिक कारणामुळे कार्यक्रमात व्यत्यय आला, त्याबद्दल क्षमस्व. आता ऐकू या सनईवादन.’ मला वाटायचं, आकाशवाणीच्या एखाद्या खोलीत एक सनईवाला दिवसभर बसवून ठेवलेला असणार. बिचारा सनई हातात धरून वाट बघत असेल, की कधी एकदा काहीतरी बिघडतंय आणि आपली पाळी येतेय. पुढं कळलं की ती ध्वनिमुद्रित सनई असते. तरी तो मनातला सनईवाला माझ्या डोक्यातून गेला नाही. आज मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे, त्याच्या पोटात असाच एक सनईवाला बसलेला असतो.

यंत्राचं नाव आहे स्विच. स्विच म्हटल्यावर आपल्याकडं भिंतीवरचं बटण डोळ्यांपुढं येतं. हा तो नव्हे. बँकेत, रुग्णालयात, तहसील कचेरीत संगणकांच्या निळ्या-करड्या वायरी भिंतीतून पळत पळत एका लोखंडी कपाटाकडं जातात. त्या कपाटात भोकंच भोकं असलेली एक पेटी असते, प्रत्येक भोकाशी लुकलुकणारा हिरवा दिवा. तो स्विच. काम टपाल छाटणाऱ्या माणसासारखं. इकडून आलेलं पाकीट कुणाचं आहे बघायचं आणि नेमक्या त्याच दारात टाकायचं. प्रत्येक मजल्यावर लहान स्विच असतात आणि ते सगळे एका मोठ्या स्विचला जोडलेले असतात. मोठा पडला की मजले एकमेकांना अनोळखी होतात. संगणक चालू असतात, पडदे उजळलेले असतात, पण कुणाचं कुणाला ऐकू जात नाही.

आता एका कवीनं या पेटीवर का बोलावं? मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. नोकरी मिळाली मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या कचेरीत, नोंदी ठेवायची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं रुग्णालय काढलं, आणि त्यानंतर गावात इतकी रुग्णालयं झाली की कर्नाटकातून माणसं गाडीनं येतात, ती स्टेशनात उतरून आधी दवाखान्याचा पत्ता विचारतात. मी ज्या रुग्णालयात होतो त्याचं नाव सांगत नाही. जे घडलं ते कुठंही घडलं असतं.

२०१७ चा मार्च. मार्चअखेर म्हणजे कचेरीत दिवाळीपेक्षा जास्त जागरण. रात्री सव्वादोनला वीज गेली. जनरेटर दहा-बारा सेकंदांत सुरू होतो आणि तेवढा वेळ यूपीएस सांभाळतं, अशी रचना. त्या रात्री जनरेटर सुरू झाला, दिवे आले, पंखे फिरले. पण माझ्या पडद्यावरची नोंद हलेना. प्रयोगशाळेतून फोन, प्रसूती विभागातून फोन, सगळ्यांचं एकच, ‘आमचं बंद आहे, तुमचं चालू आहे का?’

आमचा मोठा स्विच बंद पडणं शक्यच नव्हतं, असं आम्हाला सांगितलेलं होतं. त्यासाठीच तर तो महागाचा घेतला होता. त्याच्या पोटात दोन मेंदू. एक काम करतो, दुसरा शेजारी बसून पहिल्याच्या वहीची नक्कल उतरवत राहतो. वीज आत घेणारे भाग दोन. पंखे जोडीनं. यातलं काहीही जळालं तर पेटी बंद न करता तेवढा भाग ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. खरेदीच्या वेळी कंपनीच्या माणसानं आमच्या देखत चालू पेटीतून एक भाग ओढून काढला होता आणि एकही दिवा विझला नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, जादूगाराला वाजवतात तशा. ती पेटी आता काळी ठिक्कर होती.

वरच्या मजल्यावर जत तालुक्यातून आलेली एक बाई होती. संध्याकाळी बाळंत झालेली, आणि रात्री रक्तस्राव थांबेना. रक्तपेढी आवाराच्या दुसऱ्या टोकाला. रक्ताची मागणी संगणकावरून जायची, तिचं उत्तर संगणकावरूनच यायचं. मी जिन्यानं वर गेलो तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर टेबलाशी एक जाड नोंदवही उघडून उभ्या होत्या. बाईचा रक्तगट, सकाळचं हिमोग्लोबिन, दुपारी रक्तपेढीला पाठवलेल्या नमुन्याचा क्रमांक, सगळं निळ्या शाईत. त्यांनी क्रमांक चिठ्ठीवर उतरवला, सही केली आणि वॉर्डबॉयच्या हातात दिला. ‘पळ,’ म्हणाल्या. तो पळाला. दुपारीच जुळवून ठेवलेल्या दोन पिशव्या त्या क्रमांकावर सापडल्या. बाई वाचली. तिचं बाळ आता शाळेत जात असेल.

यात माझी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या नोंदवह्या बंद कराव्यात असं टिपण महिन्याभरापूर्वी मीच लिहिलं होतं. सगळं संगणकावर असताना हातानं पुन्हा कशाला लिहायचं? टिपणाची भाषा चांगली झाली होती. ‘दुहेरी श्रम व द्विरुक्ती टाळावी’ असं एक वाक्य होतं, त्याच्यावर मी स्वतःच खूश होतो. ज्यांची सही व्हायची होती ते साहेब रजेवर गेले म्हणून टिपण फाईलमध्ये पडून राहिलं. साहेबांच्या मुलीचं लग्न दोन महिने पुढं असतं, तर त्या टेबलावर वही नसती. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पेटी कशी सुरू झाली ते ऐका. आमच्याकडं ही यंत्रणा बघणारा एक पोरगा होता, साताऱ्याचाच, माझ्या मोहल्ल्याजवळचा. तो वर्षापूर्वी पुण्याला नोकरीला गेला होता. त्याच्या जागी बाहेरची एजन्सी आली होती आणि एजन्सीचा फोन रात्री बंद. शेवटी मी त्या पोराला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, ‘चाचा, कपाटामागं हात घाला. दोन काळ्या जाड वायरी लागतील. त्या कुठं कुठं जातात ते बघून सांगा.’ मी पन्नाशीकडं झुकलेला माणूस, फरशीवर पालथा पडून, दातात टॉर्च धरून बघितलं. म्हटलं, ‘दोन्ही एकाच बोर्डात आहेत.’ पलीकडं जरा वेळ शांतता. मग विचारलं, ‘आणि दुसऱ्या यूपीएसच्या सॉकेटात काय आहे?’ मी बघितलं. तिथं टेबलफॅन होता.

झालं असं होतं, की मागं कधीतरी खोलीला रंग दिला तेव्हा कपाट सरकवलं. लावताना ज्यानं वायरी खोचल्या त्याला जवळचा बोर्ड दिसला, त्यात दोन सॉकेट रिकामी होती. दुसऱ्या बाजूचं सॉकेट पंख्यानं अडवलेलं. वीज घेणारे भाग दोन, वायरी दोन, दिवेही दोन, दोन्ही हिरवे. येणारा-जाणारा बघायचा आणि समाधानानं पुढं जायचा. पण दोन्ही एकाच यूपीएसवर जगत होते. त्या यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. वीज गेली तशी त्यांनी मान टाकली, आणि जनरेटर आल्यावरही यूपीएस उठलं नाही. दोन मेंदू, दोन जोड पंखे, जे काही दोन दोन होतं ते सगळं एकाच घासात गेलं.

मी पंखा काढला, एक वायर तिथं खोचली. पेटी घुरघुरली. तिला पूर्ण जागं व्हायला सात-आठ मिनिटं लागली. सगळं धरून पावणेदोन तास गेले होते.

त्या रात्रीनंतर हा विषय मला चावला. पोरगा सणाला साताऱ्यात आला की मी त्याला गाठायचो आणि विचारायचो. त्याच्याकडून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

राखीव वस्तू दोन तऱ्हेची असते. एक स्टेपनीसारखी. टायर पंक्चर झाला की गाडी थांबवायची, जॅक लावायचा, घाम गाळायचा, मग गाडी पुढं. आणि आपला सगळ्यांचा अनुभव असा की नेमक्या त्या वेळी स्टेपनीत हवा नसते. दुसरी तऱ्हा सप्ताहातल्या वीणेसारखी. आमच्याकडं खेडोपाडी अखंड हरिनाम सप्ताह होतात. लहानपणी मित्रांबरोबर मी तिथं रात्री जात असे. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पहारे ठरलेले असतात. पुढचा वीणेकरी येतो, समोर उभा राहतो, नमस्कार करतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते, आणि मगच पहिला मोकळा होतो. नाम तुटत नाही. झोपाळू डोळ्यांनी ऐकणाऱ्याला कळतही नाही की माणूस बदलला.

पण वीणेकरी वेळ झाल्यावर बदलतो, आणि यंत्र तर अचानक पडतं. त्याला जवळचं उदाहरण मला मशिदीत सापडलं. नमाज चालू असताना इमामाला मध्येच काही झालं, त्याचं वुजू मोडलं, तर तो मागच्या रांगेतल्या एकाला पुढं करतो आणि स्वतः बाजूला होतो. पुढं आलेला माणूस तिथूनच नमाज चालू ठेवतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. म्हणून इमामाच्या अगदी पाठीमागं जाणता माणूस असावा असं वडीलधारे सांगतात. त्याला हे कसं जमतं? तो पहिल्यापासून बरोबरच असतो. कितवी रकात, काय पढून झालं, सगळं त्याच्याही मनात चालू असतं. आमच्या स्विचमधला दुसरा मेंदू हेच करतो. कुठल्या भोकाशी कोण आहे, कुणाचं पाकीट कुठं जायचं, ही वही तो पहिल्याबरोबर क्षणोक्षणी लिहीत असतो. म्हणून पहिला गेला तर त्याला कुणाला विचारत बसावं लागत नाही.

मोठ्या ठिकाणी एका पेटीत दोन मेंदू एवढ्यावर भागवत नाहीत, दोन वेगळ्या पेट्याच ठेवतात, शक्यतो दोन वेगळ्या खोल्यांत. मग प्रश्न येतो, पहिली मेली हे दुसरीला कळणार कसं? त्याची रीत मला फार आवडली. पहिली पेटी दुसरीला एकसारखा निरोप पाठवत राहते, ‘मी आहे.’ एक प्रचलित पद्धत आहे, व्हीआरआरपी नावाची, तिच्यात नेहमीच्या मांडणीत दर सेकंदाला असा एक निरोप जातो. साधारण तीन निरोप चुकले की दुसरी पेटी कारभार हातात घेते आणि सगळ्यांना कळवते की आजपासून हा पत्ता माझा. तीन सेकंदांचं मौन म्हणजे मृत्यू, असा त्यांचा करार. माणसांमध्ये याला फार वेळ लागतो. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांचा खोकला दोन दिवस ऐकू आला नाही, तेव्हा कुणीतरी दार वाजवलं.

यातही एक खोच आहे. समजा दोन्ही पेट्या धडधाकट आहेत, फक्त त्यांच्यामधली निरोपाची वायर तुटली. मग दुसरीला वाटतं पहिली गेली, आणि ती कारभार घेते. पहिली तर चालूच असते. एका घरात दोन कारभारी. लग्नात दोन मामा आचाऱ्याला वेगवेगळे हुकूम देतात, एक म्हणतो जिलेबी तळ, दुसरा म्हणतो बुंदी पाड, तशी गत. म्हणून निरोपाला दोन वेगळ्या वाटा ठेवतात. एकीवरून हाक आली नाही तर दुसरीवरून खात्री करायची, मगच मेला म्हणायचं.

दोन असावेत हे माझ्या डोक्यात इतकं बसलं की त्यातून मी एक पराक्रम केला. बाह्यरुग्ण विभागात टेबलाखाली एक लहान स्विच होता, स्वस्तातला. त्याला लावलेल्या एका वायरीचं दुसरं टोक जमिनीवर लोळत पडलेलं दिसलं. मला वाटलं, निसटलं असेल, किंवा कुणीतरी जादाची वायर ठेवली असेल. शेजारी रिकामं भोक होतं, त्यात मी ते टोक खोचून दिलं. चांगलं काम केल्याच्या आनंदात चहाला गेलो. परत येतो तो अख्खा विभाग ठप्प. रांग दारापर्यंत. एकाच वायरीची दोन्ही टोकं मी एकाच पेटीत घातली होती. ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेला निरोप त्या वायरीतून परत त्याच पेटीत येतो, ती तो पुन्हा सर्वांना पाठवते, तो पुन्हा येतो. काही क्षणांत त्याच त्या निरोपांचा लोंढा होतो आणि खऱ्या पाकिटाला जागा राहत नाही. वायर उपटली तसं सगळं ठीक झालं. ती कुणी लावली होती हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. आज सांगतो.

तर राखीव वाट म्हणून दुसरी वायर टाकली की हा धोका आपोआप येतो. यावरचा तोडगा १९८५ च्या सुमारास रेडिया पर्लमन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी शोधला. सगळ्या स्विचनी आपसात बोलून एक झाड ठरवायचं, फांद्या असाव्यात पण कुठं वेटोळं नसावं. जादा वाटा मिटून ठेवायच्या, पण विसरायच्या नाहीत. चालू फांदी तुटली की मिटलेली वाट उघडायची. मला आनंद झाला तो पुढचं कळल्यावर. या बाईंनी आपल्या पद्धतीवर एक कविता लिहिली आणि शोधनिबंधात पहिल्यांदा तीच घातली. मी तीस वर्षं कविता लिहितोय, पण माझ्या कवितेमुळं एकही वायर चालू राहिलेली नाही.

पर्लमनबाईंच्या मूळ पद्धतीत मिटलेली वाट उघडायला तीस ते पन्नास सेकंद लागत. पुढं २००१ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली, तिला बहुतेक वेळा एखाद-दुसरा सेकंद पुरतो. पण कुठलीही पद्धत तिच्या मर्यादेत वापरली तरच. बोस्टनमधलं बेथ इस्रायल डीकॉनेस हे नावाजलेलं रुग्णालय. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथलं सगळं जाळं कोसळलं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत गेले होते, झाड त्याच्या मर्यादेबाहेर वाढलं होतं. त्यात माहितीचा मोठा लोंढा आला आणि वेटोळी सुरू झाली. जवळपास चार दिवस ते रुग्णालय कागदावर चाललं. तरुण डॉक्टरांना कागदी मागणीपत्रं कशी भरायची हेच ठाऊक नव्हतं, जुन्यांनी शिकवलं. त्यांचे संगणक-प्रमुख जॉन हालाम्का यांनी झाला प्रकार लपवला नाही, सगळ्यांना उघडपणे सांगितला. म्हणून तर मिरजेतल्या माझ्यासारख्या कारकुनाला तो कळला.

श्रोतेहो, पेटीच्या बाहेर आलं की हेच सगळीकडं दिसायला लागतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आजी ती पहाट इतक्यांदा सांगायची की भांडी पडल्याचा आवाज मला आठवतो असं वाटतं. कोयनानगरात घरं कोसळली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आणि पोफळीचं वीजघर थांबल्यावर इथून दूर मुंबईपर्यंत अंधाराची झळ गेली. एका खोऱ्यावर किती भार होता ते त्या पहाटे कळलं. बरं, एकाच्या जागी दोन झाले म्हणून प्रश्न सुटतो का? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई सकाळी दहाच्या सुमारास ठप्प झाली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. कळवा-पडघा या उच्च दाबाच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती, तिचा भार दुसरीवर होता, आणि ती दुसरीही गेली. राखीव वापरात आलं की ते राखीव उरत नाही, ही साधी गोष्ट. घरातली दुसरी चूल पाहुण्यांसाठी पेटवली, की आता आपल्याकडं एकच चूल आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

या बाबतीत मला साताऱ्याचं पाणी फार शहाणं वाटतं. शहराला कासच्या तलावाचं पाणी येतं आणि शहापूर योजनेचंही येतं. शहापूरचं पाणी उरमोडी नदीतून पंपानं उपसावं लागतं. वीज गेली की ते थांबलं. कासचं पाणी उंचावरून आपल्या पायांनी उतरतं, त्याला विजेशी देणंघेणं नाही. दुष्काळात कासची पातळी खाली जाते तेव्हा नदीवरची योजना कामाला येते. दोघांची दुखणी वेगळी आहेत. आमच्या दोन वायरींचं दुखणं एकच होतं.

सांगलीनं तर हे पाण्यात उभं राहून बघितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. कित्येक इमारतींत विजेचा मुख्य फलक तळमजल्यावर आणि जनरेटरही त्याच्याच शेजारी, सोयीचं म्हणून. पाणी आलं ते दोघांनाही घेऊन गेलं. डिझेल संपलं तसे मोबाईलचे मनोरे मुके झाले. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत बॅटरीवरचा जुना रेडिओ माळ्यावरून खाली आला.

आमच्या रुग्णालयानं मग इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मी समाधानात. दोन कंपन्या, दोन बिलं, आता काय होणार? गळीत हंगामात उसानं शिगोशीग भरलेली एक ट्रॉली कोपऱ्यावर वळली आणि उसाच्या शेंड्यांनी खांबावरच्या वायरी ओढून नेल्या. दोन्ही कंपन्यांच्या वायरी त्या एकाच खांबावरून येत होत्या. पोराला फोन केला तर तो हसून म्हणाला, ‘चाचा, कागदावर दोन नका बघू, रस्त्यावर चालत जाऊन बघा.’ तेव्हापासून मी खरोखरच चालत जातो. सांगलीला कामानिमित्त कुठल्याही कचेरीत गेलो की नजर वायरींच्या मागं धावते. लोकांना वाटतं कविता सुचतेय.

आणि सगळ्यात अवघड जोडी लावायची असते ती माणसांची. आमच्या त्या कपाटाची खरी माहिती एकाच डोक्यात होती, आणि ते डोकं पुण्याला गेलं होतं. पेटीत दोन मेंदू बसवायला पैसे मंजूर होतात. ती पेटी समजणारी दोन माणसं ठेवा म्हटलं की विचारतात, ‘एकाला काम पुरत नाही, दुसरा काय करणार?’ सनईवाल्याला पगार कशाला, असाच तो प्रश्न. मी कचेरीत यावर भांडलो, अर्धवट जिंकलो. दुसरा माणूस मिळाला नाही, पण कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कुठली वायर कुठं जाते याचा तक्ता मराठीत लिहून चिकटवायची परवानगी मिळाली. अक्षर माझं आहे. नोंदवही बंद करण्याचं ते टिपण मात्र मी फाईलमधून काढून घेतलं. साहेबांना सांगितलं, भाषेच्या चुका राहिल्यात.

आता तिथं तीन महिन्यांतून एकदा परीक्षा होते. रविवारी पहाटे पाच वाजता, वॉर्डांना आधी कळवून, मुद्दाम एक वायर ओढायची. याला सुरुवातीला फार विरोध झाला. चालू यंत्राला कशाला डिवचायचं? पण मागची खरी बिघाडाची रात्र सगळ्यांना आठवत होती. पहिल्या परीक्षेला पोरगा सुट्टी काढून पुण्याहून आला. आता मोठ्या पेट्या दोन आहेत, दोन खोल्यांत, दोन वेगळ्या यूपीएसवर. पंख्याला आपली स्वतंत्र जागा आहे. एका संगणकावर तो दर सेकंदाला हाक मारत होता आणि प्रत्येक हाकेचं उत्तर ओळीनं पडद्यावर उमटत होतं. वायर ओढायचं काम त्यानं मला दिलं. हात घामेजला होता. ओढली. पडद्यावर उत्तर येईना. एक ओळ कोरी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथ्या ओळीला उत्तर आलं आणि मग येतच राहिलं.

मी जिना चढून वर गेलो. तेव्हाच्याच सिस्टर पाळीवर होत्या. म्हटलं, ‘सिस्टर, आत्ता काही जाणवलं का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही बुवा, कशाबद्दल?’ मी सांगितलं. त्यांनी घड्याळात बघितलं, नोंदवही ओढली आणि लिहिलं, ‘पहाटे ५ वाजून ७ मिनिटे. नेटवर्क तपासणी झाली. अडचण नाही.’ आणि वहीवर माझी सही घेतली.